थर्मास संपेपर्यंत बसायचं

माझ्या गॅरेजात हरीण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट विचारते, "लागल्यावर किती पावलं पळालं?" नाव काय, खिमा किती, फरे अख्खे ठेवू की तोडू, ते सगळं नंतर. काही जणांना राग येतो. येऊ दे बापडा. सत्तावीस वर्षं मी या टेबलावर हरणं सोलतेय, एवढं विचारायचा मला हक्क आहे.

सुलो, माझा नवरा, म्हणतो की मला नसत्या चौकशांची खोड आहे. आहेच. पोटात काय निघालं, ओकची फळं की देवदाराचा पाला? गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली? जीव जायला किती वेळ लागला? मला खरंच जाणून घ्यायचं असतं. शिंगांची टोकं सगळे न विचारता मोजून दाखवतात, पण पावलांचं विचारलं की निम्मे लोक गॅरेजच्या छताकडे बघायला लागतात.

आर्वो कांगास माझ्याकडे कधीच हरीण घेऊन आला नाही. स्वतःचं हरीण तो स्वतः सोलायचा, स्वतः कापायचा. एकतीस वर्षं शाळेची बस चालवतोय तो, सुपीरियर सरोवराच्या काठच्या आमच्या या रस्त्यावर, बर्फ असो की चिखल. बसमध्ये कोणी दंगा केला तर गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन बंद करायचा आणि काही न बोलता बसून राहायचा. पोरं घाबरून गप्प व्हायची. आज गावातला पस्तिशीच्या आतला एकही माणूस आर्वोसमोर मोठ्यानं बोलत नाही.

शिकार तो फक्त धनुष्यानं करायचा. धनुष्यही घरी केलेलं, ॲश झाडाच्या लाकडाचं, चाकं-कप्प्या काही नाहीत. बाणाची पाती तो बापाच्या जुन्या करवतीतून कापायचा. बाप लाकूडतोड्या होता, दोन माणसांनी ओढायची ती लांबलचक करवत त्याच्या मागे राहिली होती. प्रत्येक पात्याच्या मुळाशी कानशीनं तीन खाचा. बाप आपल्या हत्यारांवर तशीच खूण करायचा म्हणून.

आर्वो, त्याची बायको हेल्मी, सुलो आणि मी, आम्ही चौघं एकाच शाळेतले. दर शनिवारी आमच्या अंगणातल्या सॉनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, आधी पुरुष जायचे, मग आम्ही बायका. आमची पाळी येईपर्यंत हेल्मी आणि मी बाहेरच्या बाकावर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खात बसायचो आणि आतलं भांडण ऐकायचो. भांडण तीस वर्षं तेच.

"सुलो, त्यापेक्षा दुकानातनं सॉसेज आण की! दोनशे पावलांवरनं चाप ओढायचा, त्याला काय शिकार म्हणतात? तू तिथं आहेस हे त्या बिचाऱ्याला ठाऊकसुद्धा नसतं."

"नसतं ना? मग बरंच आहे त्याच्यासाठी. भीती नाही, धावाधाव नाही. धडाम, संपलं. तुझं हरीण बाण घेऊन रान तुडवत जातं."

"शंभर पावलं जातं फार तर."

"ती शंभर पावलं तू पळून बघ, बरगडीत भोक पाडून."

"मी त्याच्या वीस पावलांवर जातो. त्याचा श्वास ऐकू येतो मला. त्यानं मान वळवली की मी हरलो, घरी परत. त्याला संधी आहे. तुझ्यासमोर काय संधी आहे त्याला?"

"अरे, त्याला संधी नकोय! त्याला एकतर जगायचंय नाहीतर पटकन मरायचंय. संधी तुला हवीय, बढाई मारायला."

मग दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज, आणि दोघं गप्प. हेल्मी एकदा मला म्हणाली, "या दोघांतल्या एकानं तरी हरणाला विचारलंय का गं?"

मला विचाराल तर माझा अजून निकाल लागलेला नाही. नीट लागलेल्या बाणाचं हरीण कापायला सोपं, मांस स्वच्छ निघतं. गोळीनं कधीकधी अख्खा फरा रक्ताळतो, फेकावा लागतो. पण गोळीवाल्यांच्या उत्तरात "जागेवर" हा शब्द जास्त वेळा येतो. आणि घाईनं मारलेली, नको तिथं लागलेली दोन्हीकडची येतात. हत्यार कुठलं ते टेबलावर कळतं, पण माणूस कसा तेही कळतं.

आर्वोचा एक नियम मात्र मला मनापासून पटायचा. बाण सुटला की लगेच उठायचं नाही. हरीण थोडं जातं, आडवं होतं, शांतपणे जातं. तू मागे धावलास की ते उठतं, जीव खाऊन पळतं आणि मग ना तुला मिळत ना त्याला सुटका. म्हणून मचाणावर थर्मास उघडायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत कॉफी प्यायची. "थर्मास संपेपर्यंत बसायचं," हे त्यानं गावातल्या किमान चाळीस जणांना शिकवलं. त्याचा तो हिरवा, पोचे पडलेला थर्मास रोज पहाटे हेल्मी भरून द्यायची.

जंगलात आमच्या लोकांचा एक शिकारीचा कॅम्प आहे. लाकडी खोली, आठ बाकं, एक चूल. तिथली एक भिंत शर्टांच्या तुकड्यांनी भरलीय. नेम साफ हुकला की बाकीचे धरून त्या माणसाच्या शर्टाचा मागचा सोगा कात्रीनं कापतात, त्यावर नाव नि तारीख लिहून खिळ्याला लावतात, आणि रात्रीचं जेवण हसत हसत होतं. ही झाली गंमत. दुसरा नियम गमतीचा नाही. तो आर्वोच्या बापानं घालून दिलेला. जनावर जखमी केलंस आणि हरवलंस, तर ते तू मारलंच असं धरायचं. त्या सालचा परवाना सगळ्यांसमोर चुलीत टाकायचा, आणि हंगाम संपेपर्यंत दुसऱ्यांनी मारलेली हरणं ओढून आणायची.

तीन वर्षांपूर्वी वसंतात हेल्मी गेली. दोन आठवड्यांत आटोपलं सगळं, आम्हाला नीट रडताही आलं नाही. त्या ऑक्टोबरात आर्वो एकटाच रानात गेला, आणि संध्याकाळी कॅम्पवर येऊन म्हणाला, "हुकलो." आर्वो आणि हुकला! माणसं खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. कात्री आली, सोगा कापला, भिंतीवर लागला. तीस वर्षांत त्याचा पहिला. आर्वोही हसला म्हणे खूप. मी सुलोला म्हटलंसुद्धा, बरं झालं बाई, हसला तरी.

त्यानंतर पाच आठवड्यांनी रायफलचा हंगाम सुरू झाला, आणि सुलोनं एकशेऐंशी पावलांवरून एका नराला गोळी घातली. लागली, पण कुठं ते त्याला कळलं नाही. दोन दिवस मागावर होता. दलदलीच्या पाण्यात रक्ताचा माग संपला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॅम्पवर मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या घेऊन गेले होते, तेव्हा सगळे टेबलाशी बसलेले, आणि सुलो उभा राहून म्हणाला, "मी एक हरवलंय. जखमी आहे. मला नाही सापडलं."

कोणी काही बोललं नाही. आर्वो बोलला.

"पंचवीस पावलांवर असतास तर कुठं लागलं ते डोळ्यांनी दिसलं असतं. पण बंदुकीला कुठं जवळ जावं लागतं? कष्टच नाहीत, मग लाज तरी कुठून येणार? नियम ठाऊक आहे ना?"

सुलोनं खिशातून परवाना काढला, चुलीचं झाकण उघडलं आणि आत टाकला. मग पुढचे बारा दिवस माझा नवरा, चौसष्ट वर्षांचा माणूस, दुसऱ्यांची हरणं दोरीनं ओढत होता. पुढच्या वर्षी त्यानं रायफल कपाटातून काढलीच नाही, कॅम्पवर जाणंही सोडलं. शनिवारी आर्वो सॉनाला यायचा थांबला, सुलोनं बोलावलं नाही. आणि मी? मी तर दुकानात आर्वो समोरून आला की ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत जायचे. हेल्मीला मातीत ठेवून आलो तेव्हा ज्याचा हात मी धरला होता, त्याचं तोंड बघायची मला इच्छा उरली नव्हती.

तर यंदाची गोष्ट. पंधरा नोव्हेंबर, रायफलचा पहिला दिवस. शाळेला सुट्टी, चर्चच्या अंगणात एकही गाडी नाही. दुपारी कायसा आली. शाळेत तिसरीला शिकवते, धनुष्य आर्वोकडून शिकली, पण यंदा वारलेल्या वडलांची रायफल घेऊन गेली होती. गाडीच्या मागे एक दांडगा नर.

"इल्मा मावशी, आर्वोकाकांना सांगू नका हं, मी बंदुकीनं मारलं म्हणून."

"मी कशाला सांगू? मी बोलते का त्याच्याशी? किती पावलं पळालं?"

"सात. मोजली मी. तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं मला."

पोरगी हुशार आहे.

ती गेल्यावर मी कातडं उतरवलं. कायसाची गोळी उजवीकडून, अगदी हवी तिथं. मग डावा फरा सोडवायला घेतला, आणि सुरी खट्‌कन अडली. परत घातली, परत अडली. बोटानं चाचपलं तर फऱ्याच्या हाडावर लिंबाएवढी गाठ. जुनी, टणक, वरून मांस नीट बसलेलं. आता मला कुठला धीर! खिम्याचं सगळं तसंच टाकून मी छोटी करवत घेतली आणि ती गाठ फोडली.

आत पातं होतं. करवतीच्या पोलादाचं, काळं पडलेलं. मुळाशी तीन खाचा.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. असा तसा नाही, उड्या माराव्यात असा. हात रक्तानं भरलेले, आणि मी एकटीच गॅरेजात म्हणतेय, "सापडलास! सापडलास, आर्वो!"

मग डोकं जाग्यावर आलं. मी हरणाचा जबडा उघडून दात बघितले. झीज बघता साडेपाच वर्षांचं. आर्वोचा एकूण एक बाण गावाला ठाऊक असतो. न सापडलेला एकच, त्या ऑक्टोबरातला, साफ हुकलेला. तेव्हा हा नर अडीच वर्षांचा असणार. हिशेब जुळत होता. पण एक गोष्ट जुळेना आणि ती मला चैन पडू देईना. आर्वोला ठाऊक होतं का? बाण लागलेला दिसलाच नाही, खरंच हुकला असं वाटलं, असंही होतं माणसाचं. मग तो खोटारडा नाही, नुसता गाफील. आणि ठाऊक असेल तर? तर सुलोला चुलीसमोर उभा करताना ह्याच्या खिशात स्वतःचा परवाना शाबूत होता!

मी पातं धुतलं, पुसलं आणि स्वयंपाकघरात सुलोपुढं टेबलावर ठेवलं. तो सलगम सोलत होता. त्यानं पात्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि उठून बाहेर लाकडांच्या खोपटात गेला. मला वाटलं, राग आवरायला गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं.

बाणाची काडी. मागे टर्कीची पिसं, आर्वो बांधतो तशी. पुढचं टोक मोडलेलं, वीतभर वाळकं रक्त. आणि काडीला बांधलेली एक कापडाची पट्टी, पिवळ्यावर लाल चेरी.

ते कापड मी ओळखलं. हेल्मीच्या स्वयंपाकघरातला पडदा. तिनं नि मी मिळून शिवला होता, माझ्या मशीनवर.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"माझं हरीण शोधत होतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी, दलदलीच्या पलीकडे." सुलो बसला. "काडी पडली होती. आणि झाडाझाडाला या पट्ट्या. रक्त दिसेल तिथं बांधतात तशा. एकसष्ट मोजल्या मी. आधी दहा-दहा पावलांवर होत्या. मग लांब लांब. शेवटी एकाच जागी, नुसत्या गोल गोल, गोल गोल. दिवस दिवस फिरला असणार तो तिथं."

म्हणजे ठाऊक होतं. मी खुर्चीत बसले.

"आणि तू परवाना जाळलास? हे ठाऊक असून? त्याच्यासमोर?"

"माझं हरीण मी हरवलं होतं. त्याच्या हरणाचा त्यात काय संबंध?"

"संबंध? अरे, त्यानं तुला सगळ्यांसमोर काय नाही ते सुनावलं! तीन वर्षं मी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडतेय, आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस!"

"तुला सांगितलं असतं तर रविवारपर्यंत चर्चमध्ये कळलं असतं."

मला झोंबलं. पण खोटं कसं म्हणू?

"मग कॅम्प का सोडलास तू?"

तो पट्टीवरनं अंगठा फिरवत राहिला. "राग नव्हता गं. तो बाण-बंदुकीचं बोलायला लागला की मला ते रान दिसायचं. तिचा पडदा फाडला त्यानं, इल्मे. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून असेल. त्याच्यासमोर बसून जेवण उतरत नव्हतं मला. म्हटलं, एक दिवस स्वतःच सांगेल. वाट बघत होतो."

मी म्हटलं, वाट बघायची संपली. मी हे पातं कॅम्पच्या भिंतीवर त्याच्या शर्टाशेजारी ठोकणार, सगळ्यांसमोर, हातोडी माझी.

"नको," सुलो म्हणाला. "त्याचं आहे. त्याला नेऊन दे."

"आणि काय बोलू?"

"काहीच नको. जमेल?"

"नाही जमणार."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला आणि सलगम सोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी आर्वोची बसची फेरी संपल्यावर मी गेले. वाटेत तीन वर्षांचं सगळं भाषण तयार होतं माझं. त्यानं दार उघडलं, बाजूला झाला. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि आधी खिडकी दिसली. उघडी बोडकी. तीन वर्षं त्यानं दुसरा पडदा लावला नव्हता. माझं निम्मं भाषण तिथंच गेलं.

मी पातं टेबलावर ठेवलं. त्यानं उचललं, उलटं केलं, खाचांवर नख फिरवलं.

"कुणाच्या हरणात?"

"कायसाच्या."

"कुठं होतं?"

"डाव्या फऱ्यात. हाडानं गिळलं होतं सगळं."

"लंगडत होता?"

"तिनं सात पावलं पळताना बघितला. नीट पळाला म्हणाली. आणि चांगला लठ्ठ होता, आर्वो. पाठीवर दोन बोटं चरबी."

"जगला म्हणजे," तो म्हणाला. मग खाली बसला आणि रडायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे. मी या माणसाला हेल्मीच्या दफनालाही रडताना बघितलं नव्हतं. भांडायला गेलेली बाई मी, उभी राहून ओट्यावरची कपबशी उगाच इकडची तिकडं करत होते.

"थर्मास नव्हता," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. भरायचं सुचलंच नाही. ते काम माझं कधी नव्हतंच ना. बाण सोडला, पुढं लागलेला दिसला मला, हाडात. बसायला हवं होतं. बसलो. पण हातात काही नाही. किती वेळ बसायचं तेच कळेना, इल्मा. चाळीस जणांना शिकवलं मी, आणि मला स्वतःला कळेना! उठलो, धावत सुटलो. निजलेल्या जागेवरनं उठवलं त्याला. एकदा नाही, दोनदा."

"मग हुकलो कशाला सांगितलंस?"

"हुकलो म्हटलं की सगळे हसतात. दुसरं सांगितलं की गप्प होतात. घरात गप्पच होतं सगळं. मला त्या दिवशी हसणारी माणसं हवी होती." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "हसले. बरं वाटलं. मग परत घेता येईना."

"आणि सुलो? त्याला कशाला सोललास तू?"

"तो उभा राहिला आणि एका वाक्यात बोलून मोकळा झाला. एका वाक्यात! मला पाच आठवडे झोप नव्हती. एवढं सोपं होतं ते? मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! बंदुकीला शिव्या दिल्या, कारण स्वतःला देता येत नव्हत्या. धनुष्य घेतलं की माणूस आपोआप चांगला होतो असं मी समजत होतो."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, सुलोला ठाऊक आहे, काडी आमच्या खोपटात आहे. पण ते सांगायचं सुलोचं होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि निघाले. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या घरातून सगळं न बोलता बाहेर पडले, आणि गाडीत बसल्यावर मला घाम फुटला होता.

शनिवारी चारच्या सुमाराला आर्वो आमच्या अंगणात उभा. बगलेत टॉवेल, हातात हिरवा थर्मास. सुलो सॉनाच्या चुलीत लाकडं घालत होता. मी स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडली. म्हटलंय ना, खोड आहे.

"मी एक हरवलं होतं," आर्वो म्हणाला. "तुझ्या आधी. बाण लागला होता, हुकलो नव्हतो. खोटं बोललो. आणि मग तुला तसं बोललो." त्यानं खिशातून यंदाचा परवाना काढला आणि वाकून चुलीत टाकला.

सुलो त्या कागदाकडे बघत राहिला. "कॅम्पच्या चुलीत टाकायचा असतो."

"तिथंही सांगणार आहे. उद्याच. आधी तुझ्यासमोर."

"मला ठाऊक होतं."

"इल्मानं सांगितलं?"

"इल्मानं? नाही." सुलोनं खोपटातून पोतं आणून त्याच्या हातात दिलं. "मी चुलीत परवाना टाकला, त्याच्या आदल्या दिवसापासून."

आर्वोनं पोतं उघडलं. काडी बघितली, पट्टी बघितली आणि लाकडांच्या ढिगावर मटकन बसला. मग सुलो म्हणाला, "आत येतोस का, की थंडीतच बसणार आहेस? दगड तापलेत." दहा मिनिटांनी आतून चर्र आवाज आला. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, कॉफी घेऊन, एकटीच. हेल्मीची जागा रिकामी होती आणि मी तिला मोठ्यानं म्हटलं, "गेले बाई एकदाचे आत."

रविवारी त्यानं कॅम्पवर सांगितलं. सगळे गप्प झाले, त्याला भीती होती तसेच. सुलो बरोबर गेला होता, तो म्हणाला, आर्वो त्या शांततेत मान वर करून बसून राहिला, उठून गेला नाही. मग स्वतःच्या शर्टाचा सोगा भिंतीवरून काढून आर्वोनं खिशात घातला. आणि सोमवारपासून, सदुसष्ट वर्षांचा आर्वो, गावभरची बंदुकीनं मारलेली हरणं दोरीनं ओढायला लागला. कायसाच्या मैत्रिणीचंसुद्धा.

महिना संपायच्या आदल्या दिवशी सुलोनं नवा परवाना काढला. मला वाटलं नव्हतं तो जाईल. कपाटातून रायफल काढून तेल देत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वो न्यायला आला, अंगात नारिंगी जाकीट, खांद्यावर नुसती दोरी. हिरवा थर्मास त्यानं न बोलता माझ्या ओट्यावर ठेवला. मीही न बोलता भरला. दोन चमचे साखर, हेल्मी घालायची तशी.

अकरा वाजून गेले तेव्हा ते परतले. आर्वो दोरी ओढत पुढे, तोंड बिटासारखं लाल, सुलो मागून घसरगाडीला हात देत. एक मध्यम नर. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आर्वो कांगास माझ्या गॅरेजात हरीण घेऊन येत होता. मी दारातच अडवलं.

"किती पावलं पळालं?"

"एकही नाही," सुलो म्हणाला. "जागेवर."

"किती लांबून?"

"तीस पावलं. हा कानाशी कुजबुजत होता, थांब, अजून थांब. रायफलीनं तीस पावलं, लोक हसतील मला."

"किती वाजता मारलंस?"

"नऊला."

"नऊला?" मी घड्याळ बघितलं. "जागा तर अर्ध्या तासावर आहे. समोर मरून पडलेलं दिसत होतं ना तुम्हाला? मग एवढा वेळ तिथं करत काय होतात?"

सुलो बूट झटकायला लागला. आर्वोनं खांद्यावरची दोरी उतरवली, जाकिटातून थर्मास काढला, झाकण फिरवलं आणि माझ्यासमोर उलटा करून धरला. एक थेंब पडला नाही.

"बसलो होतो," तो म्हणाला.